काचतंतूंच्या होडीवरील गंजाचे डाग

समुद्राच्या खाऱ्या हवेत ज्यांचा जन्म गेला त्यांना गंज म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, विळीचे पाते, सायकलची साखळी, काही केल्या गंज त्यांना सोडीत नाही. म्हणूनच काचतंतूंच्या, म्हणजे बोलीत ज्यांना ‘फायबरच्या’ म्हणतात त्या होड्या किनाऱ्यावर येऊ लागल्या तेव्हा मच्छीमारांना मोठाच दिलासा वाटला. ही होडी लाकडासारखी कुजत नाही, तिला समुद्रातील लाकूड पोखरणारे किडे लागत नाहीत आणि ती गंजतही नाही. ह्यांतील शेवटचे विधान शास्त्रदृष्ट्या अगदी खरे आहे. काच गंजत नाही आणि राळही गंजत नाही. असे असूनही दोन-चार पावसाळे पाहिलेल्या पांढऱ्या होडीजवळ जाऊन पाहावे, तो तिच्या अंगावर तपकिरी ओघळ उतरलेले दिसतात. जी वस्तू गंजतच नाही तिच्यावर गंज येतो कोठून, आणि आलेला डाग तिला इजा न करता काढावयाचा कसा, हे दोन प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु पहिल्याचे उत्तर ठाऊक नसताना दुसऱ्याच्या मागे लागणारा मनुष्य पुष्कळदा होडीचे नुकसान करून बसतो, आणि क्वचित होडीतील माणसांचेही.

काचतंतूंची होडी ही तशी अलीकडची वस्तू आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात रे ग्रीन ह्यांनी १९४२ मध्ये पॉलिएस्टर राळ व काचतंतू वापरून लहान होडी बनविली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत जगभर पसरली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीनंतर लाकडी कट्टुमरमची जागा मोठ्या प्रमाणावर ह्याच होड्यांनी घेतली. गोव्यात आणि कोकणपट्टीतही मागे इंजिन लावलेली फायबरची होडी आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिची रचना समजण्यास अवघड नाही. काचेच्या बारीक तंतूंची चटई किंवा कापड साच्यावर अंथरून त्यावर पातळ राळ थापतात. राळ घट्ट झाली की थरावर थर चढवितात. ह्या सर्व थरांच्या बाहेर, जो डोळ्यांना दिसतो तो गुळगुळीत, रंगीत किंवा पांढरा थर, त्यास कारागीर ‘जेलकोट’ म्हणतात. हा जेलकोट म्हणजे होडीची त्वचा होय. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे नखाच्या जाडीइतकीच. आतील थरांत पाणी शिरू न देण्याचे मुख्य काम तो करतो. नवा असताना तो काचेसारखा तुकतुकीत असतो. पण वर्षानुवर्षे उन्हाचा मारा सोसल्यावर तो खडूसारखा भुरभुरीत होतो, त्यावर सूक्ष्म छिद्रे पडतात आणि मग त्यावर पडलेला कोणताही डाग आत मुरू लागतो.

आता गंजाकडे वळावे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ह्या तिघांच्या संयोगाने गंज निर्माण होतो, आणि पाण्यात मीठ असले म्हणजे ही क्रिया फार वेगाने होते. प्रथम लोखंडाचा अत्यल्प अंश पाण्यात विरघळतो. असे पाणी ओघळत जाऊन जेथे पसरते तेथे त्यातील लोहाचा प्राणवायूशी अधिक संयोग होऊन तपकिरी, न विरघळणारा साका तयार होतो. होडीवर दिसतो तो डाग म्हणजे हाच साका. तो होडीतून उगवलेला नसतो. दुसरीकडे गंजणाऱ्या लोखंडाने तो तेथे आणून टाकलेला असतो. डाग हा साक्षीदार आहे. गुन्हेगार वेगळाच आहे.

हा गुन्हेगार बहुधा चार ठिकाणी सापडतो. पहिले ठिकाण नांगराचे. नांगराच्या साखळीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. पण तो मुलामा संपला की साखळी गंजू लागते, आणि जेथे ती ओली ठेवली जाते तेथून नाळेवर ओघळ उतरतात. दुसरे ठिकाण धक्क्याचे किंवा कारखान्याचे. शेजारी कोणी लोखंडावर घासयंत्र चालवीत असेल तर तापलेल्या ठिणग्या उडून जेलकोटवर बसतात. त्या वेळी त्या दिसतही नाहीत. पण पहिल्या ओलाव्यासरशी सबंध कुशीवर तपकिरी ठिपके उमटतात, जणू होडीस देवीच आल्या आहेत. तिसरे ठिकाण होडीवर जडविलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांचे व कड्यांचे. आणि चौथे, सर्वांत लबाड, म्हणजे थरांच्या आत दडलेले लोखंड: बांधकामाच्या वेळी राहून गेलेला खिळा, किंवा मागच्या फळीत बळकटीसाठी घातलेली साधी लोखंडी पट्टी.

गोव्याच्या आणि कोकणच्या वाचकांना येथे आणखी एक खुलासा उपयोगी पडेल. जांभ्या दगडाचा व तांबड्या मातीचा रंग हाही लोहाच्या प्राणिदांचाच आहे, आणि ज्या मांडवी व झुआरी नद्यांतून लोहखनिज बार्जेसमधून वाहून नेले जात आले तेथे तांबडी धूळ होडीवर बसावी ह्यात नवल नाही. परंतु ही धूळ केवळ वर बसलेली असते. साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने तिचा बहुतेक भाग निघून जातो. खरा गंजाचा डाग धुण्याने हलत नाही. तेव्हा कोणताही उपाय योजण्यापूर्वी होडी एकदा गोड्या पाण्याने व साबणाने स्वच्छ धुणे हीच पहिली परीक्षा समजावी. जे उरेल तेच औषधास पात्र.

आता सर्वसाधारणपणे जे उपाय केले जातात त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण त्यांतील बरेचसे अपायच आहेत. डाग दिसला की हात प्रथम काथ्याकडे, मग पॉलिश कागदाकडे आणि शेवटी तारेच्या घासणीकडे जातो. घासून डाग फिका होतो हे खरे. पण तो डाग जातो त्याबरोबर जेलकोटही जातो. अर्धा मिलिमीटर जाडीची त्वचा दरवर्षी घासली तर ती किती वर्षे टिकणार? ती झिजली की पाणी आतील थरांत झिरपते, तेथे आम्लधर्मी द्रव साचून फोड येतात, आणि शे-दोनशे रुपयांच्या कामाचे पुढे हजारोंचे काम होते. तारेची घासणी तर दुहेरी घात करते. तिचे सूक्ष्म लोखंडी कण जेलकोटमध्ये रुतून बसतात आणि महिन्याभरात तेच गंजतात. डाग पुसावयास जाऊन शंभर नवे डाग पेरण्याचाच हा प्रकार होय.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव. कपड्यावरचे चहाचे व फळांचे डाग त्याने जातात, मग गंजाचा का जाऊ नये, असा सरळ तर्क केला जातो. पण तो चुकीचा आहे. चहाचा रंग सेंद्रिय असतो व ब्लीचमुळे त्याचे विघटन होते. गंज हा आधीच प्राणवायूशी संयोग पावलेला पदार्थ आहे. त्यास ब्लीच आणखी काय करणार? उलट जे थोडे लोह अद्याप विरघळलेल्या स्थितीत असते तेही ब्लीचमुळे गंजरूप होऊन पक्के बसते. ह्याहूनही मोठा धोका पुढे आहे. ब्लीचचा उपयोग झाला नाही म्हणून त्याच ओल्या जागेवर आम्ल ओतले तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जममधील ईप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला तो हाच वायू. होडीच्या बंदिस्त पोटात वाकून काम करणाऱ्या माणसावर तो काय प्रसंग आणील हे सांगावयास नको. ब्लीच आणि आम्ल ह्यांची गाठ कधीही पडू देऊ नये.

मग खरा उपाय कोणता? गंज पाण्यात विरघळत नाही, हे अडचणीचे मूळ आहे. तेव्हा घासण्यापेक्षा त्यास विरघळविणारा पदार्थ शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग. असा पदार्थ म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. स्वीडिश रसायनज्ञ शेले ह्यांनी १७७६ मध्ये साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते मिळविले. पण निसर्गाने ते त्यापूर्वीच आमच्या परसात लावून ठेवले होते असे म्हणता येईल. आंबट चुक्याच्या आंबटपणात ह्या आम्लाचा मोठा वाटा आहे. अळूच्या पानाने घशास खाज सुटते ती ह्याच आम्लाच्या चुन्याशी झालेल्या संयुगाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आणि गोव्याच्या परसांतील बिंबलीच्या झाडाला खोडालाच लगडणारी ती हिरवी, दात आंबविणारी फळे ह्या आम्लाने समृद्ध असतात. पांढऱ्या कपड्यावरचा गंजाचा डाग बिंबलीचा रस चोळून काढण्याची रीत जुनी आहे. त्यामागील रसायनशास्त्र अगदी तेच आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे रेणू गंजातील लोहाच्या अणूस चहूबाजूंनी विळखा घालतात आणि असे वेढलेले लोह पाण्यात सहज विरघळते. त्यानंतर ते नुसत्या पाण्याने वाहून जाते. जेलकोटला ओरखडाही पडत नाही, कारण राळेवर ह्या आम्लाचा थोड्या वेळात परिणाम होत नाही.

कृती सोपी आहे, पण तिचा क्रम पाळला पाहिजे. प्लॅस्टिकच्या भांड्यात, धातूच्या नव्हे, एक लिटर कोमट पाणी घेऊन त्यात ३० ते ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक विरघळवावेत. प्रथम न दिसणाऱ्या एखाद्या कोपऱ्यात प्रयोग करून पाहावा. रंगीत जेलकोट असेल तर हे विशेष आवश्यक आहे. होडी सावलीत असावी व तिचे अंग तापलेले नसावे. सकाळची वेळ उत्तम. डागावर द्रावण लावून १५ ते २० मिनिटे तेथे ओले राहू द्यावे. उभ्या भागावरून ते ओघळून जाते, म्हणून तेथे सुती कापडाच्या किंवा कागदी रुमालाच्या घड्या द्रावणात भिजवून डागावर चिकटवाव्यात व वर प्लॅस्टिकचा पातळ कागद दाबावा. गळवावर पोटीस बांधावे तशीच ही युक्ती आहे. द्रावण वाळू मात्र देऊ नये. नंतर मऊ ब्रश फिरवून भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. जुना डाग एका वेळेत न गेल्यास धीर सोडून पॉलिश कागद हाती घेऊ नये. तीच क्रिया दोन-तीन वेळा करावी. शेवटी पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून त्याने जागा पुसली म्हणजे उरलेसुरले आम्ल निष्प्रभ होते. फिकट, ताज्या डागाला लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्लही पुरते, पण त्यास वेळ अधिक लागतो.

फॉस्फोरिक आम्लही गंजावर चालते आणि काही तयार द्रवांत ते असते. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र टाळावे. त्याने डाग जातो, पण त्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडते, म्हणजे उद्याच्या गंजाची आजच सोय होते. बाजारातील काही गंजनाशकांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करणारे हे आम्ल अत्यंत घातक आहे. डब्यावर त्याचे नाव दिसल्यास तो डबा दुकानातच ठेवावा.

ऑक्झॅलिक आम्लही निरुपद्रवी नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पोटात गेल्यास ते रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते व त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. त्याची पूड साखरेसारखी किंवा मिठासारखी पांढरी दिसते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जुलाबाचे एप्सम मीठ समजून हे आम्ल प्यायल्याने अनेकांचे प्राण गेले. तेव्हा ते घरात स्वयंपाकाच्या जिनसांजवळ ठेवू नये, सरबताच्या बाटलीत तर मुळीच भरू नये, आणि भांड्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. काम करताना रबरी हातमोजे व चष्मा घालावा, पूड श्वासातून जाऊ देऊ नये. डोळ्यात थेंब उडाल्यास पंधरा मिनिटे पाण्याच्या धारेखाली डोळा धुवावा व डॉक्टरांकडे जावे. धुतलेले पाणी विहिरीच्या किंवा गुरांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाजूस वाहू देऊ नये.

डाग गेला, होडी पांढरीशुभ्र झाली. पुष्कळांचे काम येथे संपते आणि खरी चूक येथेच होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी स्थिती होऊन बसते. कारण तो डाग ज्या धातूतून आला तो धातू अजून तेथेच आहे आणि त्याची झीज चालूच आहे. विशेषतः स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत फार मोठा गैरसमज आढळतो. इंग्लंडातील शेफील्ड येथे १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली ह्यांनी लोखंडात क्रोमियम मिसळून हे पोलाद तयार केले. ते गंजत नाही ते क्रोमियमच्या अतिशय पातळ अशा प्राणिद-कवचामुळे. ह्या कवचाला सतत प्राणवायू मिळाला पाहिजे. ओरखडा पडला तरी प्राणवायूच्या साहाय्याने ते पुन्हा भरून येते. पण बोल्टच्या डोक्याखाली, जेथे खारे पाणी शिरते व कोंडून राहते, तेथे प्राणवायू पोचत नाही. कवच तुटते, पुन्हा जुळत नाही, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा बोल्ट आतल्या मानेशी कुरतडला जातो. बाहेर दिसतो तो फक्त एक बारीक तपकिरी धागा.

हा धागा म्हणजे इशारा आहे. ज्या बोल्टांनी इंजिनाची बैठक धरलेली असते, ज्या कड्याला नांगराचा दोर बांधलेला असतो, त्यांच्या मुळाशी असा धागा दिसला तर तो केवळ सौंदर्यास आलेला डाग नव्हे. शांत समुद्रात अर्धवट झिजलेला बोल्टही काम भागवितो. वादळी वाऱ्यात, भरल्या जाळ्यानिशी परतताना, जेव्हा दहापट ताण पडतो, नेमका तेव्हाच तो तुटतो. इंजिन गेलेली किंवा नांगर सुटलेली होडी खडकांच्या दिशेने वाहू लागली म्हणजे तिच्यातील माणसांना कोणते आम्ल वाचविणार? डाग पुसला म्हणजे इशाराही पुसला जातो. म्हणून डाग पुसण्यापूर्वी त्याचा उगम खडूने खूण करून ठेवणे हीच सुज्ञपणाची रीत होय.

खूण केलेला बोल्ट मग काढून पाहावा. त्याची मान बारीक झालेली, खड्डे पडलेली किंवा काळवंडलेली दिसली तर तो टाकून द्यावा. नवा घेताना ३१६ ह्या क्रमांकाचे पोलाद मागावे. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते व खाऱ्या पाण्यात ते सामान्य ३०४ क्रमांकाच्या पोलादापेक्षा अधिक टिकते. दुकानात चुंबक लावून परीक्षा करण्याची चाल आहे. चुंबकाने बोल्ट जोराने ओढला तर शंका घ्यावी हे बरोबर. पण ओढला नाही म्हणजे माल उत्तम असा उलट अर्थ काढू नये, कारण हलक्या जातींचे काही स्टेनलेस स्टीलही चुंबकास दाद देत नाही. बोल्ट बसविण्यापूर्वी भोक वाळवून, त्याची कड किंचित उतरती करून, सागरी वापराचे लवचीक सीलंट भरावे, म्हणजे डोक्याखाली त्याचे कडे तयार होऊन पाण्याचा मार्ग बंद होतो. भोकातून तपकिरी पाणी झिरपत असेल, किंवा लाकडी हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, तर आतील प्लायवुड भिजले आहे असे समजून जाणत्या कारागिरास दाखवावे. जवळपास कोणताही बोल्ट नसताना एखाद्या भेगेतून गंज पाझरत असेल तर आत लोखंड दडलेले आहे, आणि ते काढल्यावाचून गत्यंतर नाही. गंजणारे लोखंड फुगते व भोवतालचा थर फोडीत जाते.

एवढे झाल्यावर शेवटचे काम मेणाचे. आम्लाने व साबणाने जेलकोटवरील मेण निघून गेलेले असते, आणि उघडा जेलकोट डाग लवकर धरतो. पृष्ठ पूर्ण वाळल्यावर मेणाचे दोन हात दिले म्हणजे पुढच्या ओघळाला मुरावयास जागा राहत नाही व तो ओल्या कापडाने पुसता येतो. ह्या सर्व कामासाठी पश्चिम किनाऱ्यावर निसर्गाने व कायद्याने मिळून एक कालावधी राखून ठेवला आहे. १ जून ते ३१ जुलै ह्या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पावसाची झड लागण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, होडी ओढताच धुऊन डागांच्या उगमांवर खुणा कराव्यात. झापाखाली बोल्ट काढून तपासावेत. आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करण्यापूर्वी नवे बोल्ट व नवे मेण जागच्या जागी असावे.

काचतंतूंची होडी गंजत नाही हे खरे; पण तिला एकत्र धरून ठेवणारे, तिला इंजिनाशी व नांगराशी जोडणारे धातू गंजतात, आणि दर्यावर माणसाचा जीव त्या जोडांवरच अवलंबून असतो. डाग आम्लाने निघतो, ही ह्या विषयातील लहान गोष्ट. तो का पडला हे शोधून काढणे ही मोठी गोष्ट. लहान गोष्ट तासाभरात होते, म्हणून मोठी पुढच्या वर्षावर टाकण्याचा मोह होतो. आणि समुद्र असा मोह फार काळ चालू देत नाही.